बारा यंत्रांचे एकमत

महाविद्यालयात नवा सर्व्हर घ्यावयाचे ठरले की खरेदी समिती बसते. त्या बैठकीतील प्रश्न आता मला पाठ झाले आहेत. प्रोसेसर कोणता, त्यात कोअर किती, मेमरी किती, डिस्क फिरती की सॉलिड स्टेट, हमी तीन वर्षांची की पाच. आणि गेल्या काही वर्षांत आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे, ती म्हणजे यावर व्हर्च्युअल मशीने किती चालतील? 'दहा-बारा सहज चालतील' असे विक्रेत्याने सांगितले की सभासदांचे चेहरे खुलतात. एका पेटीच्या किमतीत बारा यंत्रे पदरात पडली, असा तो हिशेब असतो. एक प्रश्न मात्र मी कोणत्याच बैठकीत ऐकलेला नाही. या पेटीत किती वाजले आहेत, आणि ते तिला कोण सांगणार?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण माझे म्हणणे असे, की ज्या यंत्रावर परीक्षेचे अर्ज, शुल्काच्या पावत्या, हजेरी आणि गुण यांची नोंद होते, त्या यंत्राचे घड्याळ हा त्याचा अत्यंत महत्त्वाचा भाग आहे, आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित भागही तोच आहे. 'अंतिम मुदत संपली' हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती दिला, त्याचे घड्याळ कोणीतरी तपासले पाहिजे.

मी उज्जैनला एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवीत होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. संगणककेंद्राशी तेव्हा माझा काही संबंध नव्हता. परीक्षेचा अर्ज संगणकावर भरण्याची मुदत रात्री बारापर्यंत होती. त्यानंतर पाचशे रुपये विलंबशुल्क. तीन दिवसांनी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातील एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. तराण्याकडच्या खेड्यातली मुलगी. बाजारातील एका दुकानात बसून तिने अर्ज भरला होता. "सर, मी बाराच्या आतच भरला होता," एवढेच ती पुनःपुन्हा सांगत होती. पैसे भरल्याचा बँकेचा संदेश होता रात्री ११ वाजून ५१ मिनिटांचा. महाविद्यालयाच्या पावतीवर वेळ होती १२ वाजून २ मिनिटे, आणि तारीख अर्थातच दुसऱ्या दिवसाची. कार्यालयात तिला सांगण्यात आले होते, की सर्व्हरवर जे आहे ते आहे. यंत्र खोटे कशाला बोलेल? तिचे वडील तर पैसे भरून टाकण्याच्या तयारीने आले होते. साहेब, वाद नको, एवढेच त्यांचे म्हणणे.

केंद्रातील एका सहकाऱ्याला घेऊन मी बसलो. त्याने अर्जांच्या सर्व्हरची वेळ पाहिली, मग ग्रंथालयाच्या, मग हजेरीच्या, मग आणखी इतरांच्या. बाराही सर्व्हर सेकंदाला सेकंद जुळत होते. 'बारा जण एकच सांगतात, म्हणजे बँकेचे चुकले असेल,' असे तो म्हणालाही. वस्तुतः हे बाराही सर्व्हर म्हणजे खोलीतील एकाच पेटीवर चालणारी बारा व्हर्च्युअल मशीने होती, आणि बाराही जणांनी वेळ विचारली होती ती त्या एकाच पेटीला. तिच्या मदरबोर्डवरची, पन्नासएक रुपयांना मिळणारी गोल बॅटरी संपलेली होती. मध्यंतरी वीज दीर्घकाळ गेली तेव्हा पेटी वेळ विसरली आणि कोणीतरी मनगटावरचे घड्याळ पाहून ती हाताने लावून दिली. कामावर उशीर होऊ नये म्हणून घड्याळ दहा मिनिटे पुढे ठेवण्याची आपल्यात पुष्कळांना सवय असते. त्या सद्गृहस्थांनाही होती. राहिलेले एक मिनिट पेटीने पुढील महिना-सव्वा महिन्यात स्वतःच कमावले.

मुलीने लेखी अर्ज केला, महिन्याभराने तिचे पाचशे रुपये परत आले. त्याच अकरा मिनिटांत सापडलेले आणखी तीसएक विद्यार्थी नोंदींत दिसत होते. त्यांनी अर्ज केला नाही, म्हणून त्यांना काही मिळाले नाही.

आता हे घड्याळ चुकते तरी का, ते पाहू. सर्व्हर लाखो रुपयांचा असला तरी बंद अवस्थेत त्याची वेळ राखणारे साधन तुमच्या-माझ्या हातघड्याळातलेच असते: क्वार्ट्झचा एक चिमुकला स्फटिक, जो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो दोनाचा पंधरावा घात आहे. पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक सेकंद हाती येतो. अशा स्फटिकात दहा लाखांत वीस भाग इतकी चूक सर्वसामान्य मानली जाते. वीस भाग म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद, आणि वर्षाला दहा मिनिटांहून थोडे अधिक. शिवाय हा स्फटिक साधारण २५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठीक चालावा असा कापलेला असतो. खोली त्याहून बरीच तापली किंवा गारठली, तर दोन्ही वेळा तो मागे पडतो. सर्व्हरच्या खोलीचे वातानुकूलन मे महिन्यात बंद पडले, तर डिस्कची काळजी सर्वांना वाटते. घड्याळाची कोणालाच नाही.

व्हर्च्युअल मशीनची गोष्ट आणखी वेगळी. ज्या वाचकांचा या विषयाशी परिचय नाही त्यांच्यासाठी सांगतो, की हा एक वाडा आहे आणि त्यात बारा बिऱ्हाडे राहतात. प्रत्येकाला वाटते घर आपलेच. नळ एकच असतो, आणि हायपरव्हायजर नावाचा दिवाणजी प्रत्येकाला पाळीपाळीने पाणी सोडतो. ज्याची पाळी नाही ते बिऱ्हाड तेवढा वेळ चक्क झोपलेले असते. पूर्वी संगणक वेळ मोजीत असे तो ठरावीक अंतराने पडणारे टोले मोजून. झोपलेल्याचे काही टोले हुकणारच. जागा झाल्यावर तो ऐकले तेवढेच टोले धरून पुढे मोजू लागे आणि मागे पडे. आजच्या व्यवस्थेत यावर तोड निघाली आहे. लिनक्समधील के.व्ही.एम. वापरल्यास बिऱ्हाडाला टोले मोजावे लागत नाहीत, वाड्याचे घड्याळच त्याला वाचावयास मिळते. सोय उत्तम आहे, पण वाड्याचे घड्याळ चुकले की सगळी बिऱ्हाडे एकाच मापाने चुकतात. उज्जैनला घडले ते नेमके हेच. त्याशिवाय मशीन गोठवून ठेवणे, स्नॅपशॉटवरून मागच्या स्थितीला नेणे, चालू मशीन एका पेटीवरून दुसरीवर हलविणे, या प्रत्येक प्रसंगी घड्याळाला धक्का बसू शकतो. गेल्या मंगळवारी गोठविलेले मशीन आज उठविले, तर कोणी सांगेपर्यंत त्याच्या लेखी मंगळवारच असण्याची शक्यता असते.

ज्या गावात हे घडले त्याचा आणि वेळेचा संबंध फार जुना आहे. सूर्यसिद्धान्तापासून आपल्या ज्योतिषग्रंथांनी मध्यरेषा मानली ती उज्जयिनीवरून जाणारी. बाकीच्या गावांनी आपला देशांतरसंस्कार तिच्यापासून मोजावयाचा. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील वाचकांना हे वाचून गंमत वाटेल, की विजापूर जवळजवळ त्याच रेषेवर आहे. दोन्ही गावांच्या स्थानिक वेळेत मिनिटाचासुद्धा फरक नाही. उज्जैनच्या दक्षिण भागात क्षिप्रेजवळ सवाई जयसिंगाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वेधशाळा बांधली. गावातले लोक तिला जंतरमहाल म्हणतात. पुढे तिची पडझड झाली आणि १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांनी जीर्णोद्धार करविला. गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या मराठी ज्योतिर्विदाने तिचा कारभार पाहिला. तेथील सम्राटयंत्राची सावली आजही वेळ दाखविते, पण ती उज्जैनच्या सूर्याची. भारतीय प्रमाणवेळेसाठी तिच्यात मिनिटे मिळवावी लागतात: नोव्हेंबरच्या आरंभी साडेदहाच्या आसपास, तर फेब्रुवारीच्या मध्याला एकेचाळीस. दगडी यंत्रसुद्धा तक्त्यावाचून वापरता येत नाही, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

हल्ली या मध्यरेषेला पुन्हा भाव आला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री मोहन यादव यांनी विधानसभेत जगाची मूळ मध्यरेषा ग्रीनिचवरून उज्जैनला आणण्याचा मनोदय सांगितला, आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजी वेधशाळेच्या आवारात तीस मुहूर्तांचा दिवस दाखविणाऱ्या विक्रमादित्य वैदिक घड्याळाचे उद्घाटन झाले. थोड्याच दिवसांत त्याच्या संगणकव्यवस्थेवर सायबर हल्ला झाल्याच्या बातम्याही आल्या. माझे मत विचाराल, तर रेषा कोठून न्यावी हा मान्यतेचा प्रश्न आहे. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत तो मतदानाने सुटला. मुंबईकरांनी तर १९०६ मध्ये लागू झालेली भारतीय प्रमाणवेळ मनातून मानलीच नाही, आणि त्यांच्या नगरपालिकेने एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली मुंबई वेळ १९५५ पर्यंत चालविली. अभिमान ज्याचा त्याने बाळगावा. जयसिंगाकडून उचलण्यासारखे जे आहे ते या रेषेत नाही.

ते आहे त्याच्या कामाच्या पद्धतीत. मुहम्मदशाहाच्या नावाने त्याने जो कोष्टकग्रंथ करविला, त्याच्या प्रस्तावनेत वेधशाळा का बांधल्या याचे कारण दिले आहे. जुन्या कोष्टकांवरून काढलेली ग्रहस्थिती आणि आकाशात दिसणारी स्थिती जुळेना. पितळेची यंत्रे करून पाहिली, तर ती लहान पडत. त्यांचे आस झिजत, केंद्र सरकत असे. म्हणून त्याने दगडचुन्याची प्रचंड यंत्रे उभारली. आणि दिल्लीला एक वेधशाळा झाल्यावर तो थांबला नाही. जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन येथेही बांधल्या, कारण एका ठिकाणचा वेध दुसऱ्या ठिकाणी पडताळून पाहावयाचा होता. पाच वेधशाळा या पाच स्वतंत्र साक्षीदार. एका पेटीतील बारा मशीने हे बारा साक्षीदार नव्हेत. तो एकच साक्षीदार बारा वेळा बोलतो आहे.

आपल्या करणकारांचा बीजसंस्कारही याच जातीचा. गणित कितीही चोख असले तरी काळाबरोबर चूक साठत जाते. म्हणून प्रत्यक्ष वेध घेऊन अधूनमधून अंकांना दुरुस्ती द्यावयाची. नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० मध्ये ग्रहलाघव रचले ते आधीचे अंक वेधाशी ताडून पाहूनच. प्राचीनांना संगणक ठाऊक होता, असले काही मला सुचवावयाचे नाही. घड्याळ आपोआप बिघडत असते आणि ते बाहेरच्या साक्षीनेच सुधारावे लागते, एवढेच त्यांना नीट ठाऊक होते.

संगणकाच्या जगात हा बीजसंस्कार एन.टी.पी. नावाची पद्धत करते. डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी ती रचली, १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली; मिल्स जानेवारी २०२४ मध्ये वारले. तिची युक्ती साधी आहे. आपला सर्व्हर दूरच्या वेळ-सर्व्हरला पत्र पाठवितो आणि पाठविल्याची वेळ टिपतो. तो पत्र मिळाल्याची आणि उत्तर टाकल्याची वेळ लिहून धाडतो. उत्तर आले की आपण चौथी वेळ टिपतो. या चार आकड्यांवरून टपालाला लागलेला वेळ वजा करून दोन घड्याळांतील अंतर काढता येते. जाण्याला आणि येण्याला सारखाच वेळ लागला हे गृहीत धरलेले असते, तेवढी चूक राहते. पण एरवी मिलिसेकंदांचा मेळ सहज बसतो. विचारावे किती जणांना? दोघांना विचारले आणि ते भांडले, तर खरा कोण हे कळत नाही. तिघे असले तर एकटा पडलेला ओळखू येतो. चार ठेवावेत म्हणजे एखादा गैरहजर असला तरी तिघे उरतात.

नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा सीझियमच्या अणुघड्याळांवर भारतीय प्रमाणवेळ राखते आणि ती जाळ्यावरून देते. राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राचेही 'समय' नावाचे सर्व्हर आहेत. सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत शासकीय संस्था, कंपन्या, डेटा सेंटर इत्यादींनी याच दोघांपैकी एकाशी, किंवा त्यांच्याशी दुवा जुळणाऱ्या सर्व्हरशी घड्याळ जोडावे आणि सर्व नोंदी १८० दिवस जपाव्यात, असे बंधन घातले आहे. पैकी एक पैसा खर्च नाही. तरी किती महाविद्यालयांत हे झाले आहे, ते प्रत्येकाने आपापल्या केंद्रात जाऊन विचारून पाहावे.

जोडताना काही पथ्ये आहेत. आधी पेटीचे, म्हणजे हायपरव्हायजरचे घड्याळ बाहेरच्या चार साक्षीदारांशी जोडावे. मग प्रत्येक व्हर्च्युअल मशीनमध्येही एन.टी.पी. किंवा क्रोनी चालवावे, आणि त्याला निव्वळ पेटीवर विसंबू देऊ नये. मात्र एका घोड्यावर दोन स्वार नकोत: व्हीएमवेअरसारख्या व्यवस्थेत पेटीकडून ठरावीक वेळाने मशीनचे घड्याळ लावून देण्याचीही सोय असते, एन.टी.पी. चालू असेल तर ती बंद ठेवावी, नाहीतर दोघे मिळून घड्याळ मागेपुढे ओढत बसतात. मोठी चूक सापडली तर दिवसाढवळ्या काटे मागे फिरवू नयेत. मागे फिरविलेल्या घड्याळात दुपारी केलेली दुरुस्ती तिच्या मूळ नोंदीच्या आधीची ठरते आणि डेटाबेस गोंधळतो. हळूहळू सरकवावे म्हटले, तर एन.टी.पी.चा मूळ कार्यक्रम सेकंदाला जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद सरकवितो. उज्जैनची अकरा मिनिटे त्या गतीने फेडावयास पंधरा दिवस लागले असते. तेव्हा रात्री सेवा बंद करून, घड्याळ एकदम लावून, सेवा पुन्हा सुरू करणे हेच शहाणपणाचे. विंडोजच्या डोमेनमध्ये तर घड्याळे पाच मिनिटांहून अधिक फाकली की लोकांना आत प्रवेशच मिळेनासा होतो, आणि संबंध दिवस सगळे पासवर्डला दोष देत बसतात.

आमच्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. उपग्रहांची वेळ पकडणारा जी.पी.एस.चा लहान ग्राहक आणि रास्पबेरी पायसारखा हाताच्या तळव्याएवढा संगणक, एवढ्यावर काही हजार रुपयांत महाविद्यालयाचा स्वतःचा वेळ-सर्व्हर उभा करता येतो. इंटरनेट तुटले तरी तो चालतो. वार्षिक प्रकल्पांत पंखा चालू-बंद करण्याचे यंत्र दर वर्षी पाहावयास मिळते. त्याऐवजी हे करून पाहावे.

यंत्रसामग्रीविषयी इतर गोष्टी सर्वांना ठाऊक असतात, म्हणून त्या उरकतो. बारा मशीने एका पेटीवर ठेवली म्हणजे त्या पेटीचे दोन्ही वीजपुरवठे वेगवेगळ्या यू.पी.एस.वर हवेत, मेमरी चूक-सुधारणारी हवी, डिस्कची जोडी म्हणजे बॅकअप नव्हे, आणि स्नॅपशॉट तर नव्हेच, कारण तो सामान्यतः त्याच डिस्कवर बसलेला असतो. बॅकअपवरून एकदा तरी यंत्र उभे करून पाहिलेले असावे. मदरबोर्डवरील गोल बॅटरी तीन-चार वर्षांनी न सांगता बदलावी. निविदेत तिच्यासाठी एक ओळ घालावी, म्हणजे ती कोणाच्या तरी कामात मोडेल.

राहिला विद्यार्थ्यांचा प्रश्न, आणि माझ्या मते मुख्य प्रश्न तोच आहे. व्यवस्थापक म्हणेल, घड्याळ नीट लावले, झाले. तेवढ्याने होत नाही. दंड वसूल करणाऱ्या यंत्राने आपले घड्याळ उघडे ठेवले पाहिजे. बनियाचा काटा गिऱ्हाईकाला दिसेल असा टांगलेला असतो. अर्जाच्या पानावर सर्व्हरची वेळ सेकंदांसह दिसावी, म्हणजे भरणाऱ्याला आपल्या हातघड्याळाशी ती ताडून पाहता येईल. मुदतीच्या दिवशी संध्याकाळी कोणीतरी सर्व्हरची वेळ राष्ट्रीय वेळेशी पडताळून, सापडलेला फरक कागदावर लिहून सही करावी. अर्ज केव्हा पोचला याऐवजी बँकेत पैसे केव्हा जमा झाले हे प्रमाण मानावे, असेही काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही, कारण मग बँकेच्या घड्याळाची जबाबदारी आपण विद्यार्थ्याच्या गळ्यात घालतो. दोन्ही वेळा पाहाव्यात आणि जी विद्यार्थ्याच्या बाजूची असेल ती धरावी. आणि ज्या रात्री सर्व्हरच्या घड्याळात एका मिनिटाहून अधिक चूक आढळेल, त्या रात्री त्या चुकीपायी ज्यांच्याकडून विलंबशुल्क घेतले गेले त्या सर्वांना ते परत करावे, मग कोणी अर्ज करो वा न करो. नोंदी १८० दिवस ठेवावयाच्याच आहेत. त्यांवरून यादी काढावयास एक सकाळ पुरते.